उजव्या चाकामागचं रबर

शनिवारच्या सरावात, सरळ पट्ट्याच्या टोकाला धाकटीने ब्रेक मारला आणि गाडी जागच्या जागी दबायच्या ऐवजी डावीकडे ओढली गेली. टायर रचून केलेल्या भिंतीपासून हातभर अंतरावर ती आडवी होऊन थांबली. धुळीत काही दिसेना. थोरली पान्हा हातात धरून तशीच उभी राहिली. मग खिडकीतून धाकटीचा हात बाहेर आला, 'मी ठीक आहे' असा हलला, तेव्हा कुठे थोरलीच्या जिवात जीव आला.

गाडी हळूहळू तंबूपर्यंत आली. धाकटीने हेल्मेट काढलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण तोंड चालू होतं.

"ताई, मी काही केलं नाही हं. नेहमीच्याच जागी ब्रेक मारला. स्टीअरिंग हातातून कोणीतरी हिसकावल्यासारखं गेलं."

"गप्प बस जरा. पाणी पी."

थोरलीने जॅक लावला, गाडी स्टँडवर घेतली, टॉमी, म्हणजे रेटायची लोखंडी कांब, घेऊन खाली शिरली. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत ती बरीच वर्षं होती. उंच इमारतींच्या माथ्यावरच्या अंधाऱ्या खोलीत दोरखंड आणि कप्प्या तपासण्यात तिचा दिवस जायचा, त्यामुळे हलू नये ते कुठे हलतंय हे तिच्या हाताला आधी कळायचं. धाकटी शाळेची बस चालवायची. तिशी उलटून गेली तरी घरात आणि मैदानावर सगळे तिला छकुलीच म्हणत. आठवडाभर मुलांना घेऊन गोगलगायीच्या चालीने जायचं आणि रविवारी त्याचं उट्टं काढायचं, असा तिचा हिशेब होता. गाडी दोघींनी मिळून घेतलेली. एक चालवणार, दुसरी राखणार.

थोरलीने डाव्या चाकाला धरून ठेवणाऱ्या लोखंडी हाताखाली, म्हणजे लोअर आर्मखाली, टॉमी घालून जरा रेटलं. आर्मच्या मागच्या टोकाला जो रबराचा बुश असतो, तो जबडा उघडावा तसा उघडला.

"फाटलाय," ती खालूनच म्हणाली.

"बदल मग."

"बदल म्हणे! कशाने?"

गोम तिथेच होती. त्यांची गाडी उतरायची त्या स्टॉक क्लास स्पर्धेत. क्लबचा नियम साधा होता : गाडी कारखान्यातून जशी बाहेर पडली तशीच शर्यतीत आली पाहिजे. झिजलेला भाग बदलायला कोणाची ना नाही, पण त्याच्या जागी तसाच भाग हवा. तेच माप, तेच रबर, तोच मऊपणा. त्याहून सरस काही घातलं की गाडी वरच्या वर्गात, आणि तिथे इंजिनापासून टायरपर्यंत सगळं बदललेल्या गाड्यांपुढे हिची डाळ शिजणार नव्हती. बाजारात मिळत होते ते पिवळे कडक बुश. मऊ रबराचा मूळ भाग कंपनीने बंद करून जमाना झाला होता. आणि दुसऱ्या दिवशी हंगामातली शेवटची शर्यत. छकुली गुणांत सगळ्यांच्या पुढे होती. तिच्या मागोमाग, अगदी शेपटाला शेपूट लावून, दातांचे डॉक्टर. त्यांची गाडी हिच्या गाडीची जुळी बहीण.

"भंगारात बघू," थोरली म्हणाली. "आत्ता निघालो तर उघडं असेल."

थोरलीचा नवरा त्यांचा टेम्पो चालवत होता. तो गाड्यांच्या पुढच्या काचा बसवायचा. बोलणं कमी, हात सफाईदार. मेव्हणीच्या शर्यतीत त्याचं काम गाडी ओढून नेणं, चहाचा थर्मास भरणं आणि कठड्याशी उभं राहून नखं खाणं. शर्यतीच्या दिवशी त्याला बघून लोक विचारायचे, "गाडीत तुम्ही बसणार आहात का हो?"

भंगारवाल्या बाई फाटकाला साखळी लावतच होत्या.

"उद्या या," त्या म्हणाल्या.

"उद्या शर्यत आहे, बाई. एकच भाग हवाय. ती बघा, त्या ढिगात, राखाडी, आमचंच मॉडेल आहे."

"दिसतेय मला. तिच्यावर दोन गाड्या आहेत तेही दिसतंय. क्रेन आवरली मी."

छकुली पुढे झाली. "मावशी, तुमचा नातू आमच्या बसमध्ये असतो ना? मागच्या बाकावर, सारखा खिडकीतून डोकं बाहेर काढणारा?"

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "तूच का ती, त्याला रोज ओरडणारी?"

"तीच."

"ओरडत जा अशीच," बाई म्हणाल्या आणि साखळी परत काढली.

क्रेनने वरच्या दोन गाड्या बाजूला झाल्या. राखाडी गाडी मागून ठोकलेली होती, पुढचा भाग शाबूत वाटत होता. पण उजवं चाक कशावर तरी चढून आत दाबलं गेलं होतं आणि त्या बाजूचा आर्म केळ्यासारखा वाकला होता. डावा मात्र सरळ. थोरलीने चिंधीने बुश पुसला, बोटाने दाबला, बॅटरीच्या उजेडात फिरवून फिरवून पाहिला. रबर जिवंत होतं. मधल्या नळीच्या दोन्ही अंगांना चंद्रकोरीसारख्या दोन पोकळ्या, आणि त्यांच्या कडा स्वच्छ.

"मिळालं," ती म्हणाली. छकुलीने तिथेच भंगारवाल्या बाईंना मिठी मारली. बाईंना ते फारसं आवडलेलं दिसलं नाही.

घरी आल्याबरोबर थोरली गॅरेजमध्ये शिरली. छकुली वर पोळ्या गरम करायला गेली. जुना आर्म निघायला वेळ लागला नाही. तो कट्ट्यावर ठेवून, शेजारी भंगारातला ठेवून, थोरली दोन्ही बारकाईने बघू लागली. मापं जुळत होती. भोकं जुळत होती. तरी काहीतरी वेगळं दिसत होतं, आणि काय ते आधी तिच्या ध्यानातच येईना.

मग आलं. जुन्या बुशाला पोकळ्याच नव्हत्या.

चिखल साठला असेल म्हणून तिने स्क्रूड्रायव्हरने खरवडलं. चिखल भुगा होऊन पडला असता. हे काळं, चिवट, रबरासारखंच ताणलं जात होतं, पण रबर नव्हतं. तिने नाकाशी नेलं. तो वास तिच्या घरातल्या टॉवेलांना यायचा, उशीच्या अभ्र्याला यायचा. लग्न झाल्यापासून रोज संध्याकाळी नवरा नखांतून जे काळं घासून काढायचा, तेच हे. काच चिकटवायचं सिलंट.

तिने आर्म उचलला आणि जिना चढून स्वयंपाकघरात गेली. नवरा ओट्याशी कांदा चिरत होता. तिने आर्म त्याच्या पुढ्यात, कांद्याच्या शेजारीच ठेवला.

"अहो, हे काय आहे?"

त्याने पाहिलं. सुरी खाली ठेवली.

"ते होय," तो म्हणाला. "हंगामाच्या सुरुवातीला मी पुढची काच बदलली ना, तेव्हा गाडी वर घेतली होती. खालून बघितलं तर रबराला भेगा. चांगल्या रुंद, दोन-दोन. म्हटलं, तू दमून आली आहेस, तुला कशाला उठवू. माझ्याकडे माल होता. भरून टाकल्या."

"भेगा."

"हो. का?"

"त्या भेगा नव्हत्या." थोरलीचा आवाज इतका खाली गेला की छकुली तव्यावरून वळली. "त्या जागा कंपनीनेच ठेवलेल्या असतात. ब्रेक मारल्यावर चाकाने किंचित मागे जावं, रबराला हलायला वाव असावा म्हणून. तुम्ही तो वावच बुजवलात. सगळा ताण कडेवर आला आणि कड फाटली."

नवऱ्याने आर्म हातात घेतला. काचवाल्याला भेग म्हणजे शत्रूच. ती दिसली की भरायची, पसरायच्या आत भरायची, हेच त्याच्या हाताला ठाऊक. त्याने अंगठा त्या फाटलेल्या कडेवरून फिरवला आणि मग हळूच खुर्चीवर बसला.

"म्हणजे आज ती टायरांच्या भिंतीकडे गेली ती..."

थोरलीने आर्म त्याच्या हातातून काढून परत ओट्यावर ठेवला.

"उजवीकडेही भरलंत का?" थोरलीने विचारलं.

"एकाच बाजूचं भरून कसं चालेल?" तो म्हणाला, आणि बोलता बोलताच आपण काय करून बसलो ते त्याला कळलं.

छकुलीने गॅस बंद केला. "थांबा. हंगामाच्या सुरुवातीला म्हणजे कधी? पहिल्या शर्यतीनंतर?"

"नंतर. तुझी काच तेव्हाच तडकली होती."

पहिल्या शर्यतीत छकुली पार मागे राहिली होती. त्यानंतर दोनदा ती जिंकली, दोन्ही वेळा दातवाल्या डॉक्टरांना नाकावर टिच्चून, शेवटच्या वळणाला त्यांच्याहून उशिरा ब्रेक मारून. घरी कपाटावर दोन चषक होते. बसमधल्या मुलांनी त्यांची चित्रं काढून तिला दिली होती.

"मला वाटत होतं, मला ब्रेक मारायला जमायला लागलं," ती म्हणाली.

"छकुली, तसं नाही..."

"तसंच आहे, ताई. कडक बुश. पिवळ्या बुशाची काळी आवृत्ती. मग काय, वळणात गाडी हटणार कशी?" ती हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. मग तिने मान झटकली. "बरं. झालं ते झालं. डावा नवा लाव. उजवा राहू दे. काळ्यात काळं कोणाला दिसतंय? एवढे दिवस दिसलं नाही. उद्या संपली शर्यत की खरवडून काढ."

"एक बाजू कडक आणि एक मऊ? ब्रेक मारलास की गाडी आजच्यासारखीच ओढली जाईल. थोडी कमी, पण जाईल."

"मी धरून ठेवीन."

"मी लिफ्टमध्ये कोणाला 'धरून ठेवा' म्हणून वर पाठवत नाही."

"तुझी लिफ्ट नाहीये ती! चालवते मी, जीव माझा आहे!"

"गाडी दोघींची आहे. आणि ती खोटी आहे, छकुली. उद्या सकाळी मी तपासनिसांना सांगणार."

छकुलीने उलथनं ओट्यावर टाकलं. "सांगितलंस ना," ती म्हणाली, "तर माझ्याशी बोलू नकोस." ती पाहुण्यांच्या खोलीत गेली आणि दार असं आपटलं की ओट्यावरचा आर्म खणकला.

थोरलीने भंगारातला आर्म बसवला तो रागातच. बोल्ट आवळताना पान्हा दोनदा निसटला आणि बोटाचं साल निघालं. उजव्या बाजूचं सिलंट खरवडून बघावं म्हणून ती पातं घेऊन वाकली, पण ते रबराला असं धरून बसलं होतं की सिलंटबरोबर रबरही कापलं गेलं असतं. तिने पातं बाजूला ठेवलं. नवरा दाराशी येऊन उभा होता.

"मी काही करू?"

"आता काही करू नका हो," ती म्हणाली. तो गेल्यावर, ते जरा जास्तच लागेल असं आपण बोललो हे तिला कळलं. पण उठून त्याच्यामागे जाण्याइतकी ती शांत झाली नव्हती.

सकाळी टेम्पोच्या पुढच्या सीटवर तिघं खांद्याला खांदा लावून बसली होती आणि तिघांची तोंडं तीन दिशांना होती.

मैदानावर तपासणीची रांग लागली होती. तपासनीस होते भिंगकाका. खिशात कायम भिंग असायचं म्हणून ते नाव. भला माणूस, पण नियमाच्या बाबतीत सख्ख्या मुलाला घरी पाठवलेला. खरंच पाठवला होता, टायर चुकीचे लावले म्हणून. छकुलीच्या पुढे डॉक्टरांची गाडी होती. ती पास झाली, आणि डॉक्टर हातमोजे चढवत तिथेच घुटमळले.

भिंगकाका आरसा आणि बॅटरी घेऊन वाकले.

"काल ओढली गेली म्हणे. डावा आर्म बदललात?"

"हो. भंगारातला आहे, याच मॉडेलचा," थोरली म्हणाली.

"हं. नंबर बरोबर आहे." आरसा सरकला. "आणि उजवा?"

थोरलीने रात्री झोपताना वाक्य जुळवून ठेवलं होतं. साधं होतं. पण आता त्यातला पहिला शब्दच आठवेना. तिला छकुलीची नजर मानेवर टोचल्यासारखी जाणवत होती. काकांनी वर पाहिलं. "उजवा मूळचाच ना?"

"त्यात सिलंट भरलंय," छकुली म्हणाली.

थोरलीने गर्रकन मान वळवली. छकुलीने हेल्मेट पोटाशी घट्ट धरलं होतं.

"डाव्यातही होतं. पहिल्या शर्यतीनंतर भरलं. आम्हाला काल कळलं."

"मी भरलं," मागून नवरा म्हणाला. तो रांग ओलांडून पुढे आला. "या दोघींना माहीत नव्हतं. मला वाटलं, भेगा आहेत. मी काचा बसवतो. मला... मला तेवढंच दिसलं."

भिंगकाका गुडघ्यावर हात ठेवून सावकाश उठले. ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते दमल्यासारखे दिसले.

"दोन्ही विजय रद्द करावे लागतील, पोरी."

"माहीत आहे."

"आणि अशी गाडी आज स्टॉकमध्ये उतरवता येणार नाही."

"तेही माहीत आहे."

डॉक्टरांनी हातमोजा काढला. गोरा, सडपातळ माणूस, बोलणं नेहमी दवाखान्यातलं, गोड. आज गोडवा नव्हता.

"दोन्ही शर्यतींत मी केसाच्या अंतराने हरलो," ते म्हणाले. "घरी जाऊन मी स्वतःला काय काय बोललो ते तुम्हाला सांगत नाही. वय झालं, डोळे गेले, बंद कर आता हे. बायकोला म्हटलं, गाडी विकतो."

छकुलीने खाली पाहिलं. "डॉक्टर, मला खरंच..."

"माझ्या गाडीत उजवा आर्म आहे. जादाचा." ते तिचं बोलणं तोडून म्हणाले. "मूळ कंपनीचा, न वापरलेला. काका, तो लावला तर उतरू शकते ना ही?"

"शर्यत सुरू व्हायच्या आत परत तपासणीला आली तर. मागून सुरुवात करावी लागेल."

"मग लावा. पण लावताना मी खाली असेन." ते थोरलीकडे वळले. "राग मानू नका. आता माझा विश्वास उरलेला नाही."

"नका ठेवू," थोरली म्हणाली. तिला राग आला होता, पण त्यांच्यावर नाही.

गाडी स्टँडवर चढली. दोघं पाठीवर झोपून खाली सरकली, इतकी जवळ की डॉक्टरांच्या हातांचा साबणाचा वास तिला येत होता. वर लाउडस्पीकरवर आधीच्या वर्गाची शर्यत चालू असल्याचं ऐकू येत होतं. एक बोल्ट गंजून बसला होता, हलेना. थोरलीने तेल मारलं, पान्ह्यावर नळी चढवली, दोघांनी मिळून जोर लावला. कर्रकन आवाज होऊन तो सुटला तेव्हा दोघांच्याही तोंडून एकदमच "आई गं" निघालं. जुना आर्म खाली आला. डॉक्टरांनी त्यातलं सिलंट बोटाने चाचपलं.

"काम मात्र सफाईने केलंय," ते पुटपुटले. "तुमचे यजमान माझ्याकडे दाढा भरायला हवे होते."

थोरलीला हसू आलं नाही. तिने नवा आर्म बसवला, बोल्ट घातले आणि आवळायला पान्हा लावला.

"थांबा," डॉक्टर म्हणाले.

"काय झालं?"

"चाकं लोंबकळतायत. आत्ता आवळलंत तर गाडी खाली उतरली की रबराला पीळ बसेल. आधी वजन चाकांवर येऊ दे, मग आवळा."

थोरलीचा हात थांबला. हे तिला चांगलं माहीत होतं. शिकाऊ पोरांना ती हेच सांगायची : आधी वजन, मग आवळणं. मग तिने डावीकडे पाहिलं. काल रागाच्या भरात, साल निघालेल्या बोटाने, तिने भंगारातला आर्म आवळला होता तो गाडी वर असतानाच. जुनं रबर, कायमचा पीळ, आणि त्यावर शर्यतीतले ब्रेक. कितव्या वळणाला सुटलं असतं, कोण जाणे.

"डावाही सैल करायला हवा," ती म्हणाली. "तो मी काल... तसाच आवळला."

डॉक्टरांनी अंधारात मान वळवून तिच्याकडे पाहिलं. त्यांनी पान्हा घेतला आणि डावीकडे सरकले.

चाकांखाली लाकडी फळ्या घालून गाडी खाली घेतली आणि दोन्ही बाजू पुन्हा आवळल्या. भिंगकाकांनी आरसा फिरवला, भिंग लावलं, नंबर वाचला, दाराला 'पास'ची चिकटपट्टी लावली. लाउडस्पीकरवर स्टॉक क्लास पुकारला जात होता. छकुली गाडीत बसली. थोरलीने पट्टे ओढून घट्ट केले. सकाळपासून दोघी एकमेकींशी थेट बोलल्या नव्हत्या.

"तू का सांगितलंस?" थोरलीने विचारलं.

"तू सांगितलं असतंस तर मला आयुष्यभर तुझ्यावर राग धरता आला असता." छकुलीने हेल्मेटची काच खाली केली, आणि परत वर केली. "आणि मला येतं की नाही, ते मला बघायचंय."

"गाडी लोळेल आता वळणात. पहिल्यासारखं उशिरा मारू नकोस."

"हो गं."

"छकुली."

"हो म्हटलं ना!"

ती सगळ्यांच्या मागून निघाली. थोरली आणि नवरा कठड्याशी उभे राहिले, मध्ये एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून. झेंडा पडला. पहिल्या काही फेऱ्यांत छकुलीने मागच्या गाड्या एकेक करून ओलांडल्या, पण प्रत्येक वळणात गाडी एका अंगावर झुकायची, पुढची चाकं किंचाळायची, आणि नवऱ्याचा हात कठड्यावर आवळायचा. सरळ पट्ट्याच्या टोकाला ती लवकर ब्रेक मारत होती, स्पष्ट दिसत होतं. गाडी सरळ दबत होती. थोरली प्रत्येक वेळी उजवं चाक बघायची, मग डावं.

शर्यत संपत आली तेव्हा पुढे फक्त डॉक्टर उरले होते. छकुली त्यांच्या मागच्या बंपरला लागून पट्ट्यावर आली. टोक जवळ आलं. डॉक्टरांच्या गाडीचे लाल दिवे लागले. छकुलीचे लागले नाहीत.

"मार," थोरली म्हणाली. "मार ना गं, मार!"

लागले. गाडीचं नाक खाली गेलं, शेपूट डावीकडे सुटलं, परत उजवीकडे आलं. क्षणभर ती कालच्याच जागी, त्याच टायरांकडे तोंड करून होती. नवऱ्याने डोळे मिटले. थोरलीला मिटता येईनात. मग पुढची चाकं वळली, गाडी हादरून सरळ झाली आणि मातीची एक रेघ ओढत रस्त्यावर परत आली. डॉक्टर तोवर लांब गेले होते. ते पहिले आले, छकुली दुसरी. हंगामाचा चषक डॉक्टरांचा झाला. दोन विजय गेल्यावर छकुली गुणांत कुठल्या कुठे खाली घसरली.

नवऱ्याने डोळे उघडले. "झालं?"

"झालं," थोरली म्हणाली. मग त्या मधल्या अंतरातून हात पुढे करून तिने त्याचा शर्ट कोपरापाशी धरला. "काल मी तुम्हाला उगाच तोडून बोलले. मीसुद्धा एक घोळ घातला होता. घरी गेल्यावर सांगते."

छकुली गाडीतून उतरली तेव्हा घामाने निथळत होती. "ताई, काय लोळते ती! जहाज आहे नुसतं. आणि शेवटी मी मूर्खपणा केला, बोलू नकोस, मला कळलंय." ती धापा टाकत होती. "पण त्याआधीच्या सगळ्या फेऱ्या बघितल्यास? मी त्यांना सोडलं नाही. या गाडीत, तशीच्या तशी, सोडलं नाही." मग ती भाऊजींकडे वळली. तिने हेल्मेट त्यांच्या हातात दिलं. "हे धरा. आणि चहा आहे का?"

चहा होता. त्यांनी ओतला तेव्हा अर्धा बाहेर सांडला.

पुढच्या आठवड्यात चषक परत करायचे होते. क्लबने सांगितलं होतं, आमच्याकडे आणून द्या, आम्ही डॉक्टरांना पोचवू. छकुलीला ते पटलं नाही. बसची फेरी संपवून ती भाऊजींना घेऊन थेट दातांच्या दवाखान्यात गेली. एका कापडी पिशवीत दोन चषक. गाल सुजलेल्या माणसांच्या रांगेत ती दोघं मुकाट बसली. एका आजींनी पिशवीत डोकावून विचारलं, "कवळ्या का गं एवढ्या मोठ्या?"

डॉक्टर तोंडावरची पट्टी खाली करून बाहेर आले. त्यांनी पिशवी घेतली, आत पाहिलं, आणि एका चषकावरची धूळ अंगठ्याने पुसली.

"आर्म मी तुम्हाला परत देते," छकुली म्हणाली. "काढून, साफ करून."

"राहू दे. तुमच्या गाडीला तो लागणारच." त्यांनी जरा खाकरून घेतलं. "माझ्या गाडीचा डावा आता कुरकुरायला लागलाय. शर्यतीनंतर ऐकू आलं. तो भंगारवाला कुठे आहे, ज्याच्याकडे तुम्ही गेला होतात?"

"भंगारवाली," भाऊजी म्हणाले. डॉक्टरांसमोर त्या दिवसानंतर ते पहिल्यांदाच बोलत होते. "पण तिच्याकडे होता तो डावा आम्हीच आणला. आता दुसरी गाडी शोधावी लागेल. मी कामावर गाड्या बघतच असतो. आपल्या मॉडेलची दिसली की कळवतो."

"कळवाल?"

"कळवतो. हात नाही लावणार," भाऊजी म्हणाले.

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग छकुलीकडे. मग आतून कोणीतरी कळवळून हाक मारली, आणि ते पिशवी काखेत धरूनच लगबगीने आत गेले.